प्रेषक चारशे सतरा

चारशे सतरांनी आज भात करपवला होता.

'खालचा थर टाकून दिला, वरचा खाल्ला,' कानातला आवाज सांगत होता. 'तू असतीस तर हसली असतीस.'

बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्या यंत्राने 'थर'च्या जागी 'घर' लिहिलं होतं. तिने ते दुरुस्त केलं आणि एकटीच हसली.

सेवा फुकट होती. कितीही बोला, कुणालाही निरोप पाठवा, एक दमडी पडत नाही. फक्त अकरा पानी करारावर 'मान्य' म्हणायचं. सातव्या पानावर लिहिलेलं असे की निरोप सेवा सुधारण्यासाठी वापरले जातील. ती सुधारणा म्हणजे ही बाई. भाड्याच्या एका खोलीत, कानाला यंत्र लावून, दिवसाला तीनशे निरोप तपासणारी.

कंपनी तशी नाकासमोर चालणारी. नावांच्या जागी बारीक शिट्टी वाजे. आवाजही बदललेला. बाई, बाप्या, पोर, सगळे एकाच सपाट आवाजात बोलत. कोण बोलतंय ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. प्रेषकाला फक्त आकडा असे.

नोकरी लागल्यावर आठवडाभरात तिने ही सेवा स्वतः सोडली. तिथे काम करणारे सगळेच सोडतात. आपलं बोलणं कुणीतरी चहा पीत ऐकतंय, हे माहीत असल्यावर कोण वापरेल? जुना फोन बंद करून तिने टेबलाच्या खणात टाकला, पाठीवर चिकटवलेल्या नंबराच्या पट्टीसकट. नवा नंबर ऑफिसला दिला आणि घरमालकिणीला. आणखी द्यायला कुणी नव्हतंच.

म्हणजे बाबा होते. पण 'जातेस तर जा, परत तोंड दाखवू नकोस' म्हणणाऱ्या माणसाला नंबर कशाला हवा? हवा असेल तर शोधतील, असं तिने ठरवलं होतं. दोन वर्षं झाली. आयुष्यात चार वाक्यं धड न बोललेला माणूस, दार कुरकुरलं तरी 'तेल घाला' म्हणून खेकसणारा. तो कसला शोधतोय.

चारशे सतरांचं तसं नव्हतं. गेले आठ-नऊ महिने ते मुलीला रोज निरोप पाठवत. कधी शेजारच्या मांजरीची तक्रार, कधी हरवलेला चष्मा. एकदा म्हणाले, 'तुझ्या खोलीचं दार फार वाजतं. वाजू देतो. वाजलं की वाटतं, तू आलीस.'

तो निरोप तिने तीनदा ऐकला. असा बाप हवा, नाहीतर आमचे, असं वाटून तिला रडू आलं. त्यानंतर ती त्यांचा निरोप मुद्दाम शेवटी ठेवू लागली. दिवसभरात तिच्याशी माणसासारखं बोलणारं तेवढंच कुणी होतं. तेही तिच्याशी नव्हे.

प्रत्येक निरोपापुढे एक रकाना असे. चारशे सतरांच्या रकान्यात कायम एकच शब्द: 'न ऐकलेला'. दोनशे साठ निरोप, आणि त्या मुलीने एकही उघडला नव्हता. काय म्हणावं अशा मुलीला? तिने एकदा वरिष्ठ बाईंना विचारून पाहिलं, त्या मुलीला नुसतं कळवता येईल का. बाई शांतपणे म्हणाल्या, "आपण निरोप तपासायचे. माणसं नाही."

शुक्रवारी निरोप छोटा होता.

'सोमवारी सकाळी आठला छातीचं ऑपरेशन आहे. घरचं कुणीतरी सही करायला पाहिजे म्हणतात. मी सांगितलंय, मुलगी येईल. त्या दिवशी बोललो ते चुकलंच. समोर असलीस की मला बोलता येत नाही. इथे येतं.'

रकाना: न ऐकलेला.

ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. पडद्याच्या कोपऱ्यात 'जिवाला धोका' असं बटण होतं. दाबलं की निरोप घेणाऱ्याचा नंबर उघडे. आग, मारहाण, आत्महत्या, एवढ्यासाठीच ते होतं. इतर कशासाठी दाबलं तर नोकरी जात असे, आणि या महिन्याचं भाडं अजून द्यायचं होतं.

जाऊ दे नोकरी, ती स्वतःशी म्हणाली. त्या बयेला फोन करायचा आणि चांगलं खडसावायचं. बाप मरणाच्या दारात आहे आणि तुला एक निरोप ऐकवत नाही? वाक्यंसुद्धा तिने मनात जुळवून ठेवली. कागद ओढला, पेन घेतलं आणि बटण दाबलं.

नंबर उघडला. पहिले पाच आकडे तिने उतरवून घेतले. मग पेन खाली ठेवून तिने टेबलाचा खण ओढला आणि बंद फोन पालथा केला. उरलेले पाच आकडे तिथे पट्टीवर होते, बाबांच्या अक्षरात.