तिसरं बटण

वेल्डरचा हात चटकन उठायचा. सहकाऱ्याचं नाक फोडल्यावर मालकानं त्याला बजावलं, "डोकं ताळ्यावर आण, नाहीतर घरी बस." म्हणून तो मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊ लागला. तिथे पडद्यावर चेहरे यायचे. रागासाठी लाल बटण, आनंदासाठी हिरवं. पठ्ठ्या सरसकट लालच दाबायचा. "अहो, जो तो तुमच्यावरच कशाला डोळे वटारेल?" संशोधक बाई हसायच्या. हळूहळू बोट हिरव्याकडे वळलं. एके दिवशी एकही चेहरा चुकला नाही. स्वारी खुशीत घरी आली. त्याला दारात पाहताच लेकीच्या हातातला पेला पडून खळ्ळकन फुटला. त्यानं सवयीनं तिचा चेहरा निरखला. राग नव्हता. आनंदही नव्हता. पोरीनं हातांनी गाल झाकले होते. तो काचा वेचायला बसला. दुसऱ्या दिवशी पडद्यासमोर बसण्याआधीच म्हणाला, "बाई, भीतीचंही बटण बसवा. आमच्या घरी तेच लागतं."