हातमोज्यातला रणपिसे

गिरणीवाला ढमाले शेजारच्या रणपिसेला म्हणाला, "चादरीमागून दोघंही कीबोर्ड वाजवू. वहिनी ज्याला नवरा म्हणतील, तो जिंकला. हरेल त्यानं चारचौघांत डोक्यावर पीठ ओतून घ्यायचं."

रणपिसेनं लगेच टाळी दिली. महिनाभर त्याचा जळफळाट चालला होता. तीस वर्षं रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवला त्यानं, आणि आता त्याच्या तरुणपणीच्या बोटांची नक्कल भरलेले हातमोजे दुकानात मिळायला लागले होते. ते चढवले की ढमालेची जाडजूड बोटं डिट्टो रणपिसेसारखी पळायची. लोक सही मागायचे, तीही ढमालेकडे.

रविवारी सकाळी चाळीच्या चौकात चादर बांधली. आधी ढमालेनं हातमोजे घालून बँडचं गाजलेलं गाणं वाजवलं. मग रणपिसे बसला. स्वतःच्याच हातांना हरवायचं म्हणून तो जीव तोडून अगदी शेवटच्या सुरापर्यंत वाजवत राहिला.

सुनंदावहिनी जराही अडखळल्या नाहीत. "पहिला आमचा."

रणपिसे चादर सारून बाहेर आला. "अगं, दुसरा मी होतो."

"तुम्ही? शेवट आला की तुम्ही हात काढून घेता. तिथं तो गिटारवाला घुसायचा ना. पहिला बरोबर तिथंच थांबला. दुसऱ्यानं कुणाला जागाच ठेवली नाही."

रणपिसे पाटावर बसला. ढमालेनं पिठाचा डबा वहिनींच्याच हातात दिला.

पीठ ओतता ओतता वहिनी म्हणाल्या, "पण खरं सांगू? वाजवलं दुसऱ्यानंच झकास."

पिठानं पांढऱ्याफटक झालेल्या रणपिसेला त्या दुसऱ्याचाही हेवा वाटला.