गॅरेजवाल्याचा सूर

मास्तरांनी ऑर्गनवर आमेनचे सूर वाजवले आणि चर्चमध्ये कुणीच आमेन म्हटलं नाही. गीताचं शेवटचं कडवं अजून बाकी होतं.

पुस्तकं उघडी धरून सगळी मंडळी तशीच उभी राहिली. कुणीतरी उगाच खोकलं. ऑर्गनच्या बाकावर मास्तरांच्या शेजारी बसून पानं उलटणारी त्यांची बायको हळूच म्हणाली, "अहो, चौथं राहिलं."

मास्तरांचे कान लाल झाले. अख्ख्या मंडळीत सुराचा पक्का माणूस एकच, आणि ही गोष्ट मंडळीपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होती. "ज्या दिवशी चुकेन, त्या दिवशी ऑर्गनचं झाकण मीच लावीन आणि घरी बसेन," असं ते येता-जाता ऐकवत. नव्या पाळकांना तर पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, त्यांनी न विचारता. कृपेवर प्रवचन सुरू झालं की मास्तर पुढच्या गीताचं पान शोधायला लागत. कृपा ही चुकणाऱ्यांची सोय; आपण वेळेवर येतो, सुरात वाजवतो, आपलं देवाशी सगळं चोख आहे, असं त्यांचं साधं मत. आणि आज भर उपासनेत, नवशिकाही करणार नाही अशी चूक त्यांच्या हातून झाली होती. त्यांनी झाकणाला हात घातला.

बायकोनं तो हात पाहिला. हे झाकण आज लागलं तर पुन्हा उघडणार नव्हतं. बोललेला शब्द गिळणाऱ्यातला तिचा नवरा नव्हे. आणि ऑर्गनवाचून घरात बसलेला हा माणूस तिला डोळ्यांपुढेही आणवेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी चौथं कडवं सुरू केलं. एकट्यानं.

"हात रिकामे, तरी धरलेस तू..."

कोण ते वळून बघायची गरज नव्हती. थंडीत अडून बसलेलं इंजिन सुरू व्हावं तसा खरखरीत, आणि सुराशी उभा दावा मांडलेला असा आवाज एकच होता, गॅरेजवाल्याचा. मास्तरांनीच त्याला गायनमंडळातून काढलं होतं, तेही सगळ्यांसमोर. "तू गाड्या दुरुस्त कर बाबा, गाणी बिघडवू नकोस," म्हणाले होते. तेव्हापासून तो मागे बसायचा आणि गीत लागलं की नुसते ओठ हलवायचा. आज तो गात होता. डोळे मिटून, मान वर करून, आणि गीताच्या मूळ पट्टीपेक्षा भलत्याच उंचावरून.

दोन पोरं खुसूखुसू हसली. गायनमंडळातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. या आवाजात आपला सूर मिसळावा कुठे, तेच कुणाला कळेना. गॅरेजवाल्यालाही आपण एकटे पडलो हे कळलं असावं. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज कापला. पण तो थांबला नाही.

मास्तरांनी झाकणावरचा हात काढला. मान तिरकी करून त्याची पट्टी ऐकली. काळी दोन? नाही. पांढरी तीन? तीही नाही, दोघींच्या मधलंच काहीतरी. असला सूर ऑर्गनमध्ये नसतोच. त्यांनी त्यातल्या त्यात जवळची पांढरी तीन धरली आणि हलकेच सूर सोडला, ठेचकाळलेल्याच्या कोपराखाली हात द्यावा तसा. गॅरेजवाल्यानं तो घेतला. अर्ध्या ओळीत तो सोडून गडी आणखी वर गेला. मास्तर मागोमाग वर गेले. तो घसरला, मास्तर खाली आले. पायांनी भाता मारत, घाम गाळत, पट्ट्या बदलत ते त्याच्यामागे धावत होते. हे जमेल असा कान त्या छपराखाली एकच होता, आणि एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडत होता.

ऑर्गन तिकडे गेला म्हटल्यावर मंडळीही गेली. आधी बायका, मग ती हसणारी पोरं, मग सगळेच. शेवटच्या ओळीला तर असा आवाज चढला की त्यात बेसूर कोण, हे देवालाही निवडता आलं नसतं. मास्तरांनी पुन्हा आमेनचे सूर वाजवले. या वेळी सगळ्यांनी आमेन म्हटलं. बायकोनं डोळे पुसत आणि जरा जास्तच मोठ्यानं.

उपासना सुटल्यावर गॅरेजवाला बाहेर पायरीवर थांबला होता. मास्तर दिसताच पुढे आला.

"माफ करा मास्तर. तुम्ही अडलेले बघून राहवलं नाही. फार सुराबाहेर गेलो का हो?"

मास्तर एक पायरी खाली उतरले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. एवढ्यात पाळक सगळ्यांशी हात मिळवत तिथवर आले आणि हसून म्हणाले, "काय मास्तर, शेवटचं कडवं आज भलत्याच पट्टीत गेलं की!"

पायरीवरची माणसं मास्तरांकडे बघायला लागली. गॅरेजवाल्यानं मान खाली घातली. सुराच्या बाबतीत मास्तर उभ्या जन्मात कुणासाठी खोटं बोलले नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं.

मास्तरांनी छाती पुढे काढली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पट्टी बरोबर होती, पाळकसाहेब. मलाच तिथं पोचायला उशीर झाला."