मोकळं बोलण्याचा फवारा

डिप्रेशनच्या समुपदेशनाआधी अर्धा तास नाकात हार्मोनचा फवारा मारायचा; मग माणूस मोकळेपणानं बोलतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मारला आणि समुपदेशक बाईंनाच तासभर उशीर झाला. बाहेरच्या खोलीत फक्त पंखा दुरुस्त करणारा होता. “दादा, जरा शिडी धरता?” एवढंच म्हणाला बिचारा. मी शिडी धरली आणि तीन महिने गिळलेलं ओकलो: आईला दवाखान्यात एकटं सोडून मी सिनेमाला गेलो, ती गेली तेव्हा मी पोट धरून हसत होतो. त्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला. “चांगला होता सिनेमा?” “खूप,” म्हणालो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाई आल्या. “सॉरी हं! कसा गेला आठवडा?” “मजेत,” मी म्हणालो, हात शिडीवरून सुटेनात. वरून आवाज आला, “मला पंख्यातलंच कळतं, दादा. बाईंना सांगा. शिडी सोडा, मी नाही पडत.”