ताईचा दावा

“हे घर आम्हाला घेता येणार नाही,” गिऱ्हाइकाच्या वकीलबाईंनी एक कागद पिंट्यापुढे सरकवला.

पिंट्याला वाटलं, काहीतरी घोळ असणार. व्यवहार ठरला होता, तारीखही ठरली होती. अप्पांनी तर दाखवाल तिथे सही केली होती.

“नोंदणी कार्यालयात दाव्याची नोटीस लागलीय,” बाई म्हणाल्या. “या घरावरून कोर्टात भांडण चालू आहे. आज घर घेतलं आणि उद्या निकाल उलटा लागला, तर तो आमच्याच गळ्यात.”

“पण दावा केलाय कुणी?”

बाईंनी नावावर बोट ठेवलं. ताई! त्याची सख्खी थोरली बहीण. आईच्या माघारी आईच्या हिश्श्यात तिने वाटा मागितला होता.

घर विकून तो सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेणार होता. बायको, दोन मुली, आणि हॉलमधल्या दिवाणावर अप्पा. ही योजना सांगितली तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले होते, “तू म्हणशील तसं.”

संध्याकाळी त्याने अप्पांना नोटीस वाचून दाखवली. अप्पा जन्मभर सुतारकाम केलेले. या घराची दारं-खिडक्या त्यांच्याच हातच्या. त्यांनी हातातला कप आपटला आणि तिथल्या तिथे ताईला फोन लावला.

“बाप जिवंत असताना वाटणी मागतेस? पोटची पोर म्हणून वाढवली, आणि निघालीस वैरीण!”

शेवटी पिंट्यानेच फोन काढून घेतला. “अप्पा, पुरे. प्रेशर वाढेल.”

पण त्यानंतर अप्पा अधूनमधून फोन लावून तिला फैलावर घेतच राहिले. तिकडून ताई चकार शब्द काढत नसे.

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ती समोरच्या बाकावर एकटीच बसली होती. डोळे सुजलेले. पिंट्याला राहवलं नाही.

“काय कमी होतं गं तुला?”

ताईने मान वर केली नाही. “वकिलांना विचार,” ती पुटपुटली.

“आजपासून तुला भाऊ नाही, समज!”



इतक्यात पिंट्याच्या वकिलांना कसलीशी झेरॉक्स हवी झाली. अप्पांना बाकावर बसवून पिंट्या धावत जिना उतरला.

तो दिसेनासा झाल्यावर अप्पा काठी टेकत उठले आणि थेट ताईच्या बाकापाशी गेले. आता तमाशा होणार म्हणून आजूबाजूचे लोक सरसावून बसले.

अप्पा वाकले.

“तुझ्या वकिलाला सांग, पुढची तारीख चांगली लांबची घे म्हणावं,” ते हळूच म्हणाले. “आणि पोरी, परवा फोनवर जरा जास्तच बोललो. पिंट्या समोरच बसला होता गं.”