मार्थाकडची भाकर

ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं तबक पुढच्या बाकापर्यंत आलं, तेव्हा शेजारीण एस्तेरबाईंच्या कानाशी कुजबुजली, "आजची भाकर तुमच्या धाकट्या जावेनं, मार्थानं केलीय."

एस्तेरबाईंच्या नवऱ्याच्या मातीला मार्था आली नव्हती. तेव्हापासून त्यांनी तिच्या घरचं पाणीही तोंडाला लावलं नव्हतं. आता भाकर नाकारावी तर प्रभूलाच नाही म्हटल्यासारखं; खावी तर मनातली अढी तशीच, आणि अढी ठेवून प्रभुभोजन घ्यायचं नसतं.

तबक समोर आलं. पाळकसाहेब थांबले. सगळं देऊळ बघू लागलं.

एस्तेरबाई उठल्या आणि तडक मार्थाच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मार्था पिशवी छातीशी धरून अंग चोरून बसली. पिशवीतून पाण्याची बाटली डोकावत होती.

"सरक," एस्तेरबाई म्हणाल्या. "आधी पाणी दे. मग तुझी भाकर खाईन."