नोलीनची जीभ

"घे, एक घोट घेऊन सांग," म्हणत क्लेमनं पेला बायकोसमोर धरला.

नोलीन परसात दोरीवर चादर टाकत होती. तिनं पेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "मी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? बेचाळीस वर्षांत तुझी बिअर मी ओठाला लावली ती फक्त तू गळ घातलीस म्हणून. आणि दर वेळी थुंकलेय."

"म्हणून तर तुला विचारतोय."

यात थट्टा नव्हती. गेल्या हिवाळ्यात क्लेमनं गळ्याच्या कॅन्सरवर किरणं घेतली. माणूस वाचला, पण चव आणि वास दोन्ही गेले. चहा काय आणि कोमट पाणी काय, त्याला आता सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित. त्या 'कदाचित'वर किती दिवस काढायचे? पंधरवड्यापूर्वी त्यानं कपडे धुण्याच्या खोलीत बिअर आंबवायचं आपलं प्लास्टिकचं पिंप मांडलं. गव्हाच्या माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या गव्हाच्या, अर्काचे दोन डबे गरम पाण्यात ठेवून सैल केले, काकवीसारखा तो अर्क पातेल्यात ओतून उकळला, धने ठेचून घातले. संत्र्याची साल अशी वरवर किसली की आतला पांढरा भाग कणभर आला नाही. हातांना सगळं पाठ होतं.

फक्त एक गोष्ट त्याला आठवत नव्हती. पिंपाच्या तळाचा नळ या वेळी खोलून घासला होता का? नळात जुना साका राहिला की अख्ख्या पिंपाची वाट लागते, बिअरचं व्हिनेगर होतं. बोलिंग क्लबात घरी बिअर करू पाहणाऱ्या नवशिक्यांना हे तो कानीकपाळी ओरडून सांगायचा. आणि आता बघा, स्वतःचीच पंचाईत! बिअरमध्ये बुडवून मोजायच्या काचेच्या नळीनं साखर आंबून संपल्याचं सांगितलं, म्हणजे बाटल्या भरायला हरकत नव्हती. पण आंबट झालीय का, ते नळी कुठून सांगणार? दुसरी एखादी बिअर असती तर निदान डोळ्यांनी काही कळलं असतं. ही बेल्जियन तऱ्हेची, गव्हाची. चांगली झाली तरी गढूळच दिसायची.

"तुझी ती क्लबातली मंडळी सांगतील की," नोलीन म्हणाली.

"ते काय सांगणार! महिन्याभरानं बोलिंग क्लबच्या हंगामाचा शेवटचा दिवस. बावीस वर्षं त्या दिवशी माझ्या बाटल्या टेबलावर असतात. व्हिनेगर दिलं तरी पितील आणि पाठ थोपटून म्हणतील, झकास, क्लेम, झकास! सहा महिने झाले, सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसे हळू बोलतात. परवा खेळताना क्लबातल्या रेगनं मला मुद्दाम जिंकू दिलं. रेगनं! ज्यानं स्वतःच्या आईला कधी जिंकू दिलं नाही, त्यानं!" त्यानं पेला आणखी पुढे केला. "मला दया नकोय, नोलीन. खरं काय ते हवंय."

नोलीननं हात पुसले, पेला घेतला आणि एक घोट घेतला. थुंकली नाही. गिळला.

"छान आहे," ती म्हणाली. "खरंच छान झालीय हं."

बेचाळीस वर्षांत हा शब्द या बाईच्या तोंडून क्लेमच्या बिअरसाठी कधी निघाला नव्हता. त्यानं पेला गवतावर रिकामा केला, तो घेऊनच धुण्याच्या खोलीत गेला, पिंपाच्या नळाची रबरी नळी मोरीत सोडली आणि नळ पुरता उघडला. दोन आठवड्यांची मेहनत बदाबदा वाहू लागली.

"अरे, काय करतोयस!" नोलीन धावत आली आणि तिनं नळ बंद केला. "वेड लागलं का?"

"तू छान म्हणालीस."

"मग?"

"मग काय! तूही त्यांच्यातलीच झालीस. म्हणजे बिघडलीय ती."

नोलीनचे ओठ थरथरले. आता ही रडते की काय, असं क्लेमला वाटलं. पण ती भडकली.

"मेल्या, गेल्या हिवाळ्यात तुला चमच्यानं पाणी पाजताना मी देवाला शब्द दिला होता! म्हटलं, हा जगू दे, पुन्हा याच्या कशालाही नावं ठेवणार नाही. सहा महिने दातांखाली जीभ धरून बसलेय मी! तुला खरं हवंय? थांब."

तिनं नळाखाली पेला भरला, मोठा घोट घेतला आणि मोरीत पचकन थुंकला.

"शी! घाण! भांडी धुतलेल्या पाण्यात संत्र्याची सालं टाकलीयत नुसती! व्हिनेगर? व्हिनेगर असती तर निदान चिप्सवर तरी शिंपडली असती. ही धड तेही नाही!"

क्लेम हसला. हसता हसता खोकला, पिंपाला टेकून खाली फरशीवर बसला.

"अजून?"

"अजून काय! कच्च्या पावासारखा वास. शेवटी कडू. आणि ते धने! किती घातलेस रे? आधी कळत नाहीत, मग जिभेच्या मागच्या बाजूला येऊन बसतात, हलायचं नाव नाही."

क्लेमनं डोळे मिटले.

"धन्यांचं पुन्हा सांग," तो म्हणाला. "जरा हळू."